फर्लो

गेल्या वर्षी एम.ए.च्या वर्गात ‘स्मृतिचित्रे’ शिकवत होते. लक्ष्मीबाई टिळकांच्या त्या आत्मकथनात नगरच्या मिशनची माणसे येतात आणि जातात. लक्ष्मीबाई त्यांच्याकडे ना भाविकपणे पाहत, ना संशयाने. शेजारणीने शेजाऱ्यांकडे पाहावे तसे त्या पाहतात. तास संपत आला असताना एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, ही अमेरिकन माणसे इतकी वर्षे इथे राहत, तर ती कधी घरी जात नसत का?” मी म्हटले, “जात असत. दर काही वर्षांनी त्यांना मोठी रजा मिळे. तिला फर्लो म्हणत.” वर्गात एकदम हशा पिकला. माझ्या ध्यानात यायला क्षणभर वेळ लागला. आजच्या मराठी तरुणांना हा शब्द वर्तमानपत्रातून माहीत आहे, आणि तिथे तो फक्त कैद्यांच्या संदर्भात येतो.

तो हशा माझ्या मनातून गेला नाही. घरी येऊन मी शब्दाचा माग काढला. मूळ डच शब्दाचा अर्थ रजा, परवानगी. इंग्रजीत तो सैनिकांच्या रजेसाठी रूढ झाला, तिथून मिशनांच्या कारभारात आला. आपल्याकडे कारागृहाच्या नियमांत पॅरोल आणि फर्लो असे दोन प्रकार आहेत. महाराष्ट्रात लागू असलेले मुंबईचे नियम १९५९ सालचे. पॅरोलसाठी कारण द्यावे लागते : कुणाचा मृत्यू, कुणाचे आजारपण. फर्लोला तसे कारण लागत नाही. दीर्घ शिक्षा भोगणाऱ्या माणसाचे घराशी आणि समाजाशी असलेले नाते अगदीच तुटू नये, एवढाच तिचा हेतू, आणि ते दिवस शिक्षेतच धरले जातात. मिशनची फर्लो याहून फार वेगळी नव्हती. तीही नाते तुटू नये म्हणून असे, आणि तीही सेवेतच धरली जाई. फरक एवढाच की कैद्याला आपले घर कोणते याविषयी सहसा शंका नसते.

अमेरिकन मराठी मिशनच्या पहिल्या पिढीला ही सोय ठाऊक नव्हती. गॉर्डन हॉल १८१२ साली अमेरिकेहून निघाले, १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला पोचले आणि १८२६ साली नाशिककडच्या प्रवासात पटकीने वारले. मधल्या काळात त्यांनी आपला देश पुन्हा पाहिला नाही. शिडाच्या जहाजाला कित्येक महिने लागत, आणि निरोप घेणारा माणूस तो कायमचाच समजून घेई. पुढे आगबोटी आल्या, १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला, आणि सात-आठ वर्षांच्या कामानंतर वर्षभर स्वदेशी जाण्याचा परिपाठ हळूहळू बसला. त्याबरोबर त्या रजेची म्हणून एक छोटी दुनियाही उभी राहिली. बॉस्टनजवळच्या ऑबर्नडेल येथे मिशनरी कुटुंबांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी वसतिगृह होते. कॅलिफोर्नियातील क्लेअरमाँट येथे १९१५ साली ‘पिलग्रिम प्लेस’ नावाची वसाहत सुरू झाली, ती आजही निवृत्त धर्मसेवकांची वसाहत म्हणून ओळखली जाते. घरी आलेल्या माणसांसाठी वेगळी घरे बांधावी लागली, यातच पुष्कळ काही आले.

रजा ही विश्रांती असे असेही नाही. नगरचे रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचे उदाहरण बोलके आहे. त्यांचा जन्मच मुंबईचा, १८४७ चा. म्हणजे ‘घरी जाणे’ हा शब्दप्रयोग त्यांच्या बाबतीत मुळातच सैल. १८८६ साली रजेवर असताना अँडोव्हर येथे त्यांनी एक भाषण केले. ज्यांच्या कानी ख्रिस्ताचे नाव या जन्मी कधी पडलेच नाही, त्यांच्यासाठी मृत्यूनंतर दार बंदच असते का, या त्या वेळच्या जळत्या वादात त्यांनी उदार बाजूकडे कल दाखवला. परिणाम असा की त्यांना हिंदुस्थानात परत पाठवावे की नाही, यावरच मंडळाचा खल सुरू झाला. १८८७ साली अखेर परवानगी मिळाली. ज्यांच्या शेजारी आपण राहिलो, जेवलो, दुष्काळ काढला, त्यांना एकगठ्ठा नरकात ढकलणे ह्यूमना जड गेले असावे, असे मला वाटते. त्यांच्या देशबांधवांना ते जड जात नव्हते, कारण त्यांनी ती माणसे पाहिलेलीच नव्हती. घरी आलेल्या माणसाची पहिली अडचण अशी असते : तो ज्यांच्याविषयी बोलतो ते ऐकणाऱ्यांच्या लेखी नकाशावरचा ठिपका असतात.

असो. हे सारे पुस्तकांतून मिळते. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे खरे उत्तर मात्र माझ्या आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत होते, आणि ते मी वर्गात सांगू शकले नव्हते.

माझी आई परिचारिका. सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांच्या सीमेवरच्या एका मिशन रुग्णालयात तिने शिक्षण घेतले आणि तिथेच नोकरीला लागली. तिथल्या परिचारिकांच्या प्रमुख एक अमेरिकन बाई होत्या. सगळे त्यांना मिससाहेब म्हणत. त्या कॅन्सस राज्यातल्या, शेतकरी घराण्यातल्या. १९७२ च्या जून महिन्यात त्या वर्षभराच्या फर्लोवर गेल्या. रुग्णालयातल्या आया आणि वॉर्डबॉय म्हणत, “मिससाहेब माहेरी गेल्यात.” त्या वर्षात त्यांनी आईला पाच पत्रे लिहिली, निळ्या हवाईपत्रांवर, देवनागरीत. आई आता एकोणऐंशी वर्षांची आहे. तिने ती पत्रे स्वतःहून माझ्या हाती दिली, आणि दिल्यावर चष्मा काढून ठेवला. म्हणजे मोठ्याने वाच, असा अर्थ.

मराठीची शिक्षिका म्हणून माझे लक्ष आधी भाषेकडे गेले. ही मराठी विलक्षण आहे. तिच्यात बायबलच्या भाषांतरातून आलेली ‘आणि’ने जोडलेली लांबलचक वाक्ये आहेत, आणि मधेच वॉर्डातल्या बायकांकडून उचललेले ‘लई’ आणि ‘काय करावं बाई’ आहे. लिंगाच्या चुका आहेत : ‘माझी घर’, ‘मोठा गाडी’. पण भाव व्यक्त करताना चूक नाही. पहिल्याच पत्रात त्या लिहितात, “येथे सर्व मला विचारतात, परत आल्याचा आनंद आहे ना? मी मान हलवते. ती मान येथे कोणाला कळत नाही.” आपली होकाराची डोलणारी मान त्यांच्या अंगवळणी पडली होती, आणि त्यांच्या भावजयीला ती नकाराची वाटत होती. एका वाक्यात त्या वर्षाचा सारा पेच येऊन गेला आहे.

पत्रांतले तपशील लहान लहान आहेत. भावाच्या घरी त्यांना वरची खोली दिली होती. रात्री मच्छरदाणी नसल्याने पहिले काही दिवस झोप येईना. उघड्यावर पडल्यासारखे वाटे. नळाचे पाणी सरळ पिताना हात अडखळे. मोठ्या दुकानात पावाच्या मांडणीपुढे त्या बराच वेळ उभ्या राहिल्या आणि काही न घेता बाहेर आल्या. कारण निवड करता येईना हे तर होतेच. पण त्यांनी दिलेले कारण वेगळे आहे : त्या दुकानात भाव करायला, घरची विचारपूस करायला कुणी नव्हते, आणि काहीही न बोलता वस्तू उचलणे त्यांना चोरीसारखे वाटले. कुणाकडे जायचे तर आधी फोन करावा लागे. चुलत बहिणीकडे त्या न सांगता गेल्या, तर तिने दार उघडून प्रथम विचारले, “काय झाले?”

गोरी बाई गोऱ्यांच्या देशात परकी झाली, एवढ्या विरोधाभासावर खूश होऊन थांबणे सोपे आहे. आई थांबली नाही. वाचन थांबवून ती म्हणाली, “हेही लक्षात ठेव, इथे त्यांना बंगला होता, स्वयंपाकी होता, पाणी भरायला माणूस होता. तिकडे भांडी स्वतः घासावी लागली. तेही एक कारण होतं.” ती म्हणाली ते खरेच आहे. मिशनरी जीवनात त्याग होता आणि साहेबीही होती. दोन्ही एकाच आवारात नांदत. स्वदेशी गेल्यावर त्यागाला टाळ्या मिळत आणि साहेबी मात्र मागे सुटे. तिसऱ्या पत्रात खुद्द मिससाहेबांनीच याची कबुली दिली आहे. “येथे मी कोणी नाही,” त्या लिहितात, “आणि हे माझ्या आत्म्यासाठी चांगले असेल, पण मला ते आवडत नाही.” धर्मांतराविषयी, परकीय पैशाविषयी, मिशनांच्या हेतूंविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातले बरेच विचारात घेण्याजोगे आहे. पण इतक्या सरळ वाक्याला त्या चर्चेत कुठे ठेवायचे, ते मला अजून कळलेले नाही.

रजेत कामही होतेच. रविवारी एका गावातल्या चर्चमध्ये, पुढच्या रविवारी दुसऱ्या. हातात स्लाइड दाखवण्याचे यंत्र आणि खोक्यात चाळीस-पन्नास चित्रे. जेवणाआधी अर्धा तास हिंदुस्थान. त्या गावांतल्या वृद्ध स्त्रिया जुन्या चादरी फाडून पट्ट्या गुंडाळीत आणि रुग्णालयाला पाठवीत; आईला ती खोकी फोडल्याचे आठवते, एखाद्या पट्टीवर फिकट फुले असत. त्या स्त्रियांना भेटून मिससाहेबांना बरे वाटले. पण प्रश्न मात्र हत्तींचे आणि सापांचे येत. चित्रांत आईचेही एक चित्र होते, शस्त्रक्रियेच्या वेशातले. ते पाहून कुणीतरी म्हणाले, “बिचारी.” मिससाहेब लिहितात की त्यानंतर त्यांनी ते चित्र खोक्यातून काढून ठेवले. “तू बिचारी नाहीस,” एवढेच पुढे आहे.

आणि १९७२ साल होते. इकडे पाऊस सलग दुसऱ्यांदा फसला होता. आईची उत्तरे माझ्याकडे नाहीत, पण तिने काय लिहिले ते तिला आठवते : विहिरी आटल्या, जनावरे बाजारात मातीमोलाने गेली, रुग्णालयाच्या आवारातली विहीर रात्री राखावी लागते. वॉर्डात येणाऱ्या बायकांच्या हातांना खडी फोडून घट्टे पडलेले. पुढच्या उन्हाळ्यात राज्यभरच्या दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसे होती. कामावर सुकडी मिळे आणि रेशनवर मिलो. माझ्या पिढीने मिलो पाहिलेली नाही, फक्त ऐकलेली आहे : अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी, जिची भाकरी थापताना चिरते आणि घशाखाली उतरत नाही. आईने पत्रात तिच्याविषयीही लिहिले. तक्रार म्हणून नव्हे, बातमी म्हणून.

चौथे पत्र त्या बातमीचे उत्तर आहे. मिससाहेबांच्या भावाच्या शेताशेजारी शेकडो एकर मिलो उभी असे. कॅन्सस ही तिची मोठी भूमी, आणि तिकडे ती मुख्यतः गुरांना चारतात. कापणीच्या दिवसांत त्यांनी ती डोळ्यांनी पाहिली होती, ओंजळीत घेतली होती, आणि तिचे पुढे काय होते याचा विचार कधी केला नव्हता. आईचे पत्र त्यांनी जेवणाच्या टेबलावर भावाला इंग्रजीत करून सांगितले. भाऊ भला माणूस होता. तो म्हणाला, “तुमच्या लोकांना उपयोग झाला हे बरे झाले.” मिससाहेबांनी पुढे लिहिले आहे : “तो ‘तुमचे लोक’ म्हणाला. मी रागावले नाही. मला प्रथमच कळले की ते खरे आहे, आणि खरे नाहीसुद्धा. कारण मी मिलो खाल्ली नाही.” १९७३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत मांसाच्या भाववाढीविरुद्ध गृहिणींनी आठवडाभर बहिष्कार पुकारला होता, गुरांवर जगणाऱ्या त्या भागात सगळे त्यावर संतापून बोलत असत. मिससाहेब म्हणतात, मी मधे बसून दोन्ही बाजू ऐकते आणि माझ्या डोक्यात आपली विहीर असते. ‘आपली’ हा शब्द त्यांनी अधोरेखित केलेला नाही. मी केला.

परतलेल्या माणसाच्या या अवस्थेला समाजशास्त्रात नावे आहेत. आल्फ्रेड शुट्झ यांनी १९४५ साली ‘घरी परतणारा’ या विषयावर एक निबंध लिहिला. परका माणूस नव्या ठिकाणी अनोळखीपणाची अपेक्षा ठेवूनच येतो; घरी परतणाऱ्याची अपेक्षा उलट असते, म्हणून त्याचा धक्का अधिक खोल, असा त्यांचा विचार. १९६३ साली गलहॉर्न दांपत्याने परदेशी जाऊन आलेल्यांच्या मनःस्थितीचा आलेख मांडला : जाताना एक उतार, परतल्यावर पुन्हा एक उतार, मिळून इंग्रजी डब्ल्यू अक्षराचा आकार. हे सिद्धान्त उपयोगी आहेत. पण आपल्या माहेरवाशिणीला हे ज्ञान फार पूर्वीपासून आहे. माहेरी गेल्यावर चार दिवसांनी तिला कळते की डबे आता दुसऱ्या फळीवर असतात आणि आपल्याला पाहुणीसारखे ताट वाढले जाते. आया आणि वॉर्डबॉय ‘माहेरी गेल्यात’ म्हणत, ते त्यांना वाटले त्याहून नेमके होते.

याला दुसरीही एक वाट असते. जस्टिन ॲबट हे मुंबईच्या अमेरिकन मिशनमधले. जवळजवळ तीस वर्षे काम करून १९१० साली ते अमेरिकेला परतले आणि न्यू जर्सीतल्या समिट या गावी राहिले. उतारवयात तिथे बसून त्यांनी महिपतीची संतचरित्रे, बहिणाबाईंचे आत्मकथन, एकनाथ, तुकाराम, रामदास हे सारे इंग्रजीत आणण्याचे काम हाती घेतले. बहिणाबाईंचा ग्रंथ १९२९ चा, तुकारामांचा १९३० चा. १९३२ साली ॲबट वारले. नरहर गोडबोले यांच्या साहाय्याने केलेले ‘भक्तिविजया’चे भाषांतर त्यानंतर प्रसिद्ध झाले. जे धर्म पालटायला आले होते ते म्हातारपणी देहू आणि पंढरपूर इंग्रजीत मांडत बसले, याला काय म्हणावे? विद्वत्ता म्हणता येईल, प्रेम म्हणता येईल. मला त्यात घरी परतलेल्या माणसाने आपल्यासाठी बांधलेली एक खोलीही दिसते, जिथे डबे जुन्या फळीवरच राहतात.

मिससाहेबांना अशी वाट नव्हती. त्या परिचारिका होत्या. त्यांचे ज्ञान हातांत होते. पाचवे पत्र १९७३ च्या मे महिन्यातले आहे आणि सर्वांत लहान आहे. मंडळाने त्यांना विचारले होते, परत जायचे की इथेच थांबायचे? त्या काळी रुग्णालयांचा कारभार भारतीय समित्यांकडे जात होता आणि तसे ते योग्यच होते. त्यांनी आईला विचारले : “तेथे माझे काम आहे काय? खरे लिही. सौजन्य नको.”

आई तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. मिससाहेब गेल्यावर शस्त्रक्रियागृहाच्या भांडाराची किल्ली प्रथमच एका इथल्या परिचारिकेकडे, म्हणजे तिच्याकडे आली होती. दुष्काळाचे ते वर्ष तिने आणि तिच्या सोबतिणींनी निभावले होते. खरे उत्तर तिला माहीत होते : काम तुमच्यावाचून अडलेले नाही. आणि दुसरेही एक खरे होते, की तिला मिससाहेब परत यायला हव्या होत्या. आणि तिसरेही होते, ते तिने मला आता, पन्नास वर्षांनंतर सांगितले. “मला वाटायचं, त्या आल्या की किल्ली जाईल.” तीन आठवडे तिने उत्तर लिहिले नाही. मी विचारले, “मग काय लिहिलंस?” आई म्हणाली, “दोनच ओळी. काम आहे. पण किल्ली माझ्याकडे आहे.”

मिससाहेब ऑगस्टमध्ये परतल्या. त्यांनी किल्ली मागितली नाही. प्रमुखपदही पुन्हा घेतले नाही. नव्या मुलींना शिकवण्याचे काम घेतले. भांडारातून काही हवे असल्यास त्या आईच्या टेबलाशी येऊन उभ्या राहत आणि आईला उठून उभे राहावेसे वाटे. पहिले काही महिने दोघींनाही ते अवघड गेले. कॅन्ससमध्ये जुळवून घेणे हा त्यांच्या रजेचा सोपा भाग होता, कठीण भाग इथे परतल्यावर सुरू झाला, असे आता मला वाटते. १९७९ साली त्या कायमच्या गेल्या. माझा जन्म त्याच्या पुढच्या वर्षीचा, म्हणून मी त्यांना पाहिलेले नाही.

विद्यार्थिनीला मी हे सारे अजून सांगितलेले नाही. या वर्षी ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा शिकवायचे आहे. पत्रे परत ट्रंकेत ठेवताना मी आईला सहज विचारले, की ती किल्ली शेवटी कुणाला दिलीस? तिने निवृत्तीच्या दिवशी ती ज्या मुलीच्या हाती दिली तिचे नाव सांगितले, आणि म्हणाली, “मिससाहेबांनीच शिकवलेली होती ती.”